पावसाळ्यात गोवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की हे प्रश्न येऊ लागतात आणि चतुर्थीपर्यंत येतच राहतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे एका जागी घेतले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. आधी साधे, मग जरा अडचणीचे.

१. पावसात गोव्याला जाऊन करायचं काय? सगळं बंद असतं ना?

समुद्राशी संबंधित जवळजवळ सगळं बंद असतं, बाकीचं बहुतेक चालू असतं. किनाऱ्यावरचे शॅक मेअखेरीस उतरवतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा उभे करतात. वॉटर स्पोर्ट्स आणि समुद्रातल्या बोटी बंद असतात. पण पणजी, मडगाव, म्हापशाचे बाजार, पक्क्या बांधणीची रेस्टॉरंट्स, देवळं, चर्चेस, नदीवरच्या फेरीबोटी, मांडवीतले कॅसिनो, हे सगळं सुरू असतं.

वाळूत खुर्ची टाकून दिवसभर लाटा बघत बसणं हाच तुमचा गोवा असेल, तर डिसेंबरपर्यंत थांबा. उगाच पैसे घालवू नका. लावणीची शेतं, कौलावरून पडणाऱ्या पागोळ्या, रिकामे रस्ते आणि घाई नसलेली माणसं हवी असतील, तर मात्र हाच काळ.

२. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर यांतला कोणता महिना बरा?

मला विचाराल तर ऑगस्टचा उत्तरार्ध, चतुर्थीचे दिवस सोडून (प्रश्न १५). गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, पण २०२५ मध्ये तो मे संपायच्या आतच आला होता. तेव्हा ‘३१ मेपर्यंत कोरडं’ असं गृहीत धरू नका. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. सगळ्यात जोर जुलैत. ऑगस्टमध्ये मध्ये मध्ये उघडीप मिळते, हिरवाई पूर्ण भरलेली असते आणि धबधब्यांना पाणीही असतं. सप्टेंबरात ऊन वाढतं, त्याबरोबर घामही.

ज्यांना मुसळधार पाऊसच अनुभवायचा आहे त्यांनी जुलैत जावं, पण मग ‘फिरता आलं नाही’ अशी तक्रार करू नये.

३. चार दिवसांत दोन दिवस तरी ऊन मिळेल ना?

मिळेलही, नाहीही. तिथला पाऊस सहसा सरींचा असतो. अर्धा तास झोडपतो, मग थांबतो, आभाळ उजळतं, तुम्ही छत्री मिटता आणि पुढची सर येते. पण अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की तीन-चार दिवस सलग आभाळ फाटल्यासारखं कोसळतं. म्हणून दिवसागणिक कार्यक्रम आखू नका. ‘पाऊस असेल तर’ आणि ‘उघडलं तर’ अशा दोन याद्या करा आणि सकाळी खिडकीबाहेर बघून ठरवा.

दुसरं म्हणजे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांत किनाऱ्यापेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. किनाऱ्यावरच्या कळंगुटला ऊन असताना सत्तरीतल्या वाळपईला धुवाधार चालू असू शकतं. धबधब्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, ते प्रश्न ८ मध्ये.

४. हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिलाय. ट्रिप रद्द करू का?

नुसत्या ऑरेंजसाठी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता काहीतरी करा. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अतिमुसळधार’ आणि त्याहून जास्त म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’. जुलैत गोव्याला पिवळा-नारंगी इशारा हा नेहमीचाच असतो, गावातलं कुणी त्यासाठी काम थांबवत नाही. लाल इशारा असेल तर त्या दिवशी घाट, धबधबे आणि लांबचा प्रवास टाळा, मुक्कामाच्या गावातच राहा.

पैशांचं म्हणाल, तर इशारा आला म्हणून हॉटेल आपोआप पैसे परत देत नाही. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर परतावा मिळतो. तुम्ही स्वतः घाबरून रद्द केलं तर तिकिटाच्या अटींप्रमाणे जे मिळेल ते.

५. समुद्रात पोहता येतं का? निदान गुडघाभर पाण्यात?

नाही. गुडघाभरसुद्धा नाही. सगळ्यात जास्त वाद याच उत्तरावर होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून येतात आणि लाटा सरळ किनाऱ्यावर आपटतात. एरवीचा सौम्य उताराचा किनारा या लाटा खरवडून काढतात. वाळू आत ओढली जाते, पाण्याखाली तिचे बांध तयार होतात आणि बांधांमध्ये खोल चर पडतात. किनाऱ्यावर चढलेलं पाणी या चरांतून जोरात परत जातं. त्या ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू एका लाटेत सरकते, पुढची लाट त्याला कमरेत मारते. बुडणारे सगळेच काही पोहायला गेलेले नसतात. फोटोसाठी पाठ समुद्राकडे करून उभे राहिलेलेही त्यांत असतात.

गोव्याच्या किनाऱ्यांवर सरकारने नेमलेले दृष्टी मरीनचे जीवरक्षक पावसाळ्यातही असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, आणि या महिन्यांत तो जवळजवळ सगळीकडे दिसतो. भर पावसात रेनकोट घातलेला एक मुलगा शिटी फुंकत तुमच्याकडे धावत येतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका. तुमच्यामागे त्यालाच त्या पाण्यात उडी मारावी लागते.

चुकून ओढले गेलातच, तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट करू नका, त्यातच माणूस दमतो. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका. बाहेरच्यांनी मदतीसाठी आत उडी न मारता जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ वर फोन लावावा.

६. पण आम्ही गेलो तेव्हा झेंडाच नव्हता आणि पाणी शांत दिसत होतं!

दोन उसळत्या लाटांच्या पट्ट्यांमध्ये पाण्याचा एक गुळगुळीत, गढूळ पट्टा दिसतो. लोक नेमके तिथे उतरतात. परत जाणाऱ्या पाण्याची वाट तीच असते. आणि झेंडा नाही याचा अर्थ परवानगी आहे असा नाही, तिथे कदाचित जीवरक्षकच नाही. शांत दिसणाऱ्या छोट्या किनाऱ्यांवर तर जास्त जपा.

खडकांचंही तसंच. हणजुणे (अंजुना) आणि वागातोरच्या खडकांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. दहा लाटा लहान येतात आणि अकरावी खडकावरून पार जाते. ओला खडक दिसला की लाट तिथवर येते असं समजा आणि कोरड्या जागेवरूनच बघा.

७. डॉल्फिन, स्कूबा, पॅरासेलिंग?

बंद. जूनपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. कुणी ‘करून देतो’ म्हणत असेल तर पाठ फिरवा. पावसाळ्यातच होणारा एक प्रकार मात्र आहे, सत्तरीत म्हादई नदीवरचं राफ्टिंग. पाण्याची पातळी योग्य असेल तेव्हाच ते चालतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा.

८. दूधसागर बघायचा आहे. पावसाळ्यात जीप चालू असते का?

नसते. कुळ्याहून जाणाऱ्या जीप वाटेत ओढे ओलांडतात, त्यांना पाणी चढलं की रस्ताच उरत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास त्या पुन्हा सुरू होतात. म्हणजे ३१० मीटर उंचीचा हा धबधबा भर जोमात असतो तेव्हा जीपने पोचता येत नाही. मग लोक रेल्वेरुळांवरून चालत निघतात. हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये असे शेकडो पर्यटक गोळा झाले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांतल्या काहींना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या. लोक त्या चित्रफितीवर हसले, पण दाट धुकं, बोगदे आणि वळणावर अचानक येणारं इंजिन यात हसण्यासारखं काही नाही.

कायदेशीर आणि सोपा मार्ग म्हणजे रेल्वेगाडीत बसून बघणं. वास्को ते निजामुद्दीन ही गोवा एक्स्प्रेस कुळे, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी जाते आणि दूधसागरच्या अगदी समोरून जाते. वास्कोहून ती दुपारी निघते, म्हणून पुण्याकडच्या लोकांनी परतीच्या प्रवासात हीच गाडी धरावी, धबधबा उजेडात दिसतो. दार अडवून उभे राहू नका, खिडकीतून पुरेसं दिसतं.

बाकीच्या धबधब्यांबद्दल : जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वन खात्याने प्रवेशबंदी केली. तेव्हापासून कुठला धबधबा खुला, कुठला बंद आणि कुठे परवाना लागतो याचे आदेश बदलत राहतात. वन खात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय आत शिरू नका. साखळीजवळचा हरवळ्याचा धबधबा रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी आहे, पायऱ्यांवरून बघता येतो. वयस्कर मंडळींसाठी हाच बरा.

कुठेही गेलात तरी ओढ्याच्या पात्रात बसून डबे उघडू नका. वर घाटात सर आली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी एकदम चहाच्या रंगाचं झालं, त्यावर पानं आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, की सामान तिथेच टाकून वर चढायचं. आवाज ऐकू येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

९. पावसाळ्यात ताजे मासे मिळतात का? की सगळं बर्फातलं?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडची मासळी ट्रकने गोव्यात येते. तेव्हा जुलैत किनाऱ्यावरच्या हॉटेलात ‘आज सकाळीच पकडलेला’ इसवण (सुरमई) कुणी पुढे केला, तर तो कुठे पकडला हे हसून विचारा. बाहेरून येणाऱ्या मासळीतल्या फॉर्मेलिनवरून (ती टिकवायला वापरलं जाणारं रसायन) जुलै २०१८ मध्ये गोव्यात मोठा गदारोळ झाला होता, तेव्हापासून स्थानिक लोकही हा प्रश्न विचारतात.

मग खायचं काय? नदीचं आणि खाडीचं. चणक, शेवटे, काळुंदर हे मासे, खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या, शिनाणे (शिंपले). पणजीच्या किंवा मडगावच्या बाजारात सकाळी गेलात तर ओल्या गोणपाटावर तिसऱ्यांचे वाटे मांडून बसलेल्या बायका दिसतील. त्यांच्याकडे भाव करताना जरा जपून, मराठी त्यांना उत्तम कळतं आणि टोमणे कोकणीत येतात. पाऊस लागायच्या आधी घरोघरी सुकी मासळी भरून ठेवलेली असते. गरम पेजेबरोबर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, हा पावसाळ्यातला माझ्या मते सगळ्यात चांगला पदार्थ आहे. मोठ्या हॉटेलच्या यादीत तो क्वचितच असतो, खानावळीत विचारा.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. आमचे हाल होतील का?

उलट, वर्षातला सगळ्यात चांगला काळ तुमचाच. रस्त्याकडेला तायकिळा (टाकळा), अळू, फागलां (कर्टोली) विकायला येतात. श्रावणात गोव्यातली कितीतरी हिंदू घरं मासे बंद करतात, त्यामुळे खानावळींतही शाकाहारी थाळी मन लावून केलेली असते. नागपंचमी आणि १५ ऑगस्टच्या आसपास हळदीच्या पानातल्या पातोळ्या मिळाल्या तर सोडू नका. रानातली अळंबी काही दिवसच येतात आणि महाग असतात. आपणहून रानात जाऊन मात्र ती तोडू नका, खायची कुठली आणि विषारी कुठली हे जाणकारालाच कळतं.

११. रेल्वेने जावं, गाडीने की विमानाने?

रेल्वेने. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये सुरू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालतं. गाड्यांचा वेग कमी ठेवतात, म्हणून प्रवासाला जास्त वेळ लागतो. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस असते, गेल्या काही पावसाळ्यांत ती तीनच दिवस धावली. निघण्याच्या आदल्या दिवशी १३९ वर वेळ तपासा. कधीतरी मार्गच बंद पडतो. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरून वाहतूक ठप्प झाली होती. म्हणून परतल्यावर दुसऱ्या दिवशीच महत्त्वाचं काम ठेवू नका.

गाडीने येणाऱ्यांनी आंबोली, चोर्ला, अनमोड हे घाट दिवसाउजेडी उतरावेत. आंबोलीचा मुख्य धबधबा रस्त्यालगतच आहे, शनिवार-रविवारी तिथे गाड्या तासन् तास अडकतात. धुक्यात आणीबाणीचे दिवे लावून चालवत राहू नका, मागच्याला तुम्ही वळताय हे कळत नाही.

विमानाचं तिकीट काढताना दाभोळी विमानतळ की मोपा ते नीट बघा. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि ते पार उत्तर टोकाला आहे. दक्षिणेकडच्या पाळोळेला मुक्काम असेल तर पावसात तिथून अडीच-तीन तास धरा.

१२. भाड्याची स्कूटर घेऊ का?

पाऊस थांबलेला असेल आणि सवय असेल तर. जांभा दगडाची लाल माती रस्त्यावर वाहून येते, तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी सरळ आडवी. पहिल्या सरीनंतरचा रस्ता सगळ्यात निसरडा. दिवस मावळल्यावर उघड्या गटारांचा आणि गुरांचा अंदाज येत नाही. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, पोलिसांनी धरलं किंवा अपघात झाला तर विमाही कामाला येणार नाही. मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर सरळ चारचाकी घ्या.

१३. हॉटेल खरंच स्वस्त मिळतं का? बुक करताना काय विचारावं?

एरवीपेक्षा बरंच स्वस्त, फक्त १५ ऑगस्टच्या आसपासची जोडसुट्टी सोडून. पण स्वस्ताईमागे काय आहे ते फोन करून विचारा. वीज गेल्यावर जनरेटर आहे की नुसता इन्व्हर्टर? स्वयंपाकघर चालू आहे का, की रात्री आठला जेवायला बाहेर पडावं लागेल? आणि आवारात दुरुस्तीचं काम चाललंय का? मालक डागडुजी याच दिवसांत काढतात, आणि सकाळी सातला टाइल कापायचं यंत्र सुरू झालं की समुद्राचं दृश्य कुणाला हवंय. खोली शक्यतो पहिल्या मजल्यावरची घ्या, तळमजल्यावर ओल असते. बसता येईल असा झाकलेला व्हरांडा असेल तर चार पैसे जास्त द्या. या दिवसांत निम्मा वेळ तिथेच जातो.

१४. सांजांव, चिखलकालो, बोंदेरा यांना बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का?

चालतं, पाहुण्यासारखं गेलात तर. २४ जूनला सांजांव : डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून तरुण विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचं कौतुक होतं, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो असतो. अंगाला तेल चोपडलेली माणसं, पोरं आणि आजोबा एकाच चिखलात लोळतात, कृष्णाच्या लहानपणचे खेळ खेळतात. तुम्ही कडेला उभे राहिलात तरी कोरडे परतणार नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव, पण परतीच्या फेरीला लांबच लांब रांग लागते, अंधार पडायच्या आत निघा. सांजांवला दारू पिऊन अनोळखी विहिरीत उडी मारू नका. गावातल्यांना ती विहीर किती खोल आहे हे ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.

१५. चतुर्थीच्या सुट्टीत गेलो तर स्वस्तात होईल ना?

होईल, पण उपाशी राहाल. गणेशचतुर्थीला गोंयकार आपल्या मूळ घरी जातो. पहिले दोन-तीन दिवस दुकानं, खानावळी, बस, टॅक्सी सगळं तुटपुंजं असतं. ओळखीचं घर असेल आणि बोलावणं असेल तर मात्र नक्की जा. गणपतीवर टांगलेली माटोळी, म्हणजे रानातल्या आणि परसातल्या फळाफुलांची आरास, तेवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही.

१६. दिवसभर पाऊस लागला तर बघण्यासारखं काय?

जुनं गोवं. बाँ जेझूची बासिलिका बाहेरून उघड्या जांभ्याची आहे, विसाव्या शतकाच्या मध्याला तिचा गिलावा काढला गेला आणि आता पावसाच्या माऱ्यात तो दगड झिजतो, यावर अजून वाद चालतात. भिजलेला गडद लाल दगड बघितला की वाद कशाचा आहे ते लगेच कळतं. चांदरचा ब्रागांझा वाडा, बाणावलीचं ‘गोवा चित्र’ हे जुन्या अवजारांचं संग्रहालय, मंगेशी आणि शांतादुर्गा, पणजीतल्या फोंतेन्यासच्या गल्ल्या. किल्ल्यांपैकी रेइश मागूश बरा, बेतूलजवळच्या काबो द रामाच्या कड्यावर वादळी वाऱ्यात जाऊ नका.

१७. लहान मूल किंवा वयस्कर आई-वडील बरोबर आहेत. तब्येतीचं काय बघावं?

डास आणि ओले पाय, हे दोन त्रास मुख्य. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून मलम सकाळपासूनच लावा. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नाही, लेप्टोचा (उंदरांच्या मुत्रातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला ‘गोव्यात पावसात फिरलो होतो’ हे आवर्जून सांगा. बूट वाळत नाहीत, रबरी तळाच्या पट्ट्यांच्या चपला न्या. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोटच कामाचा.

१८. पाण्यात उतरणार नाही, फक्त गाडी वाळूवर नेऊन फोटो काढतो. चालेल?

नाही. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात बेकायदा आहे, उघड्यावर दारू पिणंही. शिवाय पावसाळ्यातली वाळू वरून घट्ट आणि आतून भुसभुशीत असते. चाक रुतलं की भरती थांबत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेला तर ती जास्तच वर येते. दरवर्षी एखादी गाडी लाटांत उभी असल्याचा फोटो फिरतो. ती ओढून काढायचा खर्च आणि दंड दोन्ही चालकाच्या खिशातून.

१९. सप्टेंबरअखेर पाऊस जवळजवळ थांबतो. तेव्हा तरी पोहायला हरकत नाही ना?

पाऊस थांबला म्हणजे समुद्र थांबला असं नाही. प्रश्न ५ मधले वाळूचे बांध आणि चर भरून यायला पुढे काही आठवडे लागतात. लांब समुद्रातल्या लाटाही ऊन पडलेलं असताना येत राहतात. याच सुमारास किनाऱ्यावर जेलीफिश आणि निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल येतात. वाळूवर मेलेला दिसला तरी त्याची शेपटी डंख मारते, मुलांना हात लावू देऊ नका. डंख झाला तर चोळू नका, जीवरक्षकाकडे जा. लाल झेंड्याऐवजी लाल-पिवळे झेंडे दिसू लागले, की त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच आणि जीवरक्षकाला विचारून उतरा. तो ‘उद्या या’ म्हणाला, तर उद्या जा.